मदत हवी आहे : जुन्या कॉमिक्सच्या मुखपृष्ठांतील रंग प्रतीक मानावेत का?

नमस्कार. जुन्या अमेरिकी कॉमिक्सच्या मुखपृष्ठांवर मी एक लेख लिहीत असून त्यातील एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८च्या पहिल्या अंकावर सुपरमॅन हिरवी मोटार उचलून खडकावर आदळताना दिसतो, पण माझी नजर दर वेळी खिळते ती डाव्या कोपऱ्यात दोन्ही हातांनी डोके धरून पळणाऱ्या माणसावर, कारण हा नायक तारणहार आहे की संकट, हे त्या चेहऱ्यावरून ठरवताच येत नाही. त्या मानाने मार्च १९४१च्या ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचा अर्थ उघड आहे : अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच या नायकाचे निर्माते जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी त्याचा ठोसा थेट हिटलरच्या जबड्यावर बसवला.

अडचण आहे ती रंगांची. भडक पिवळी पार्श्वभूमी आणि लाल-निळा पोशाख यांना प्रतीक मानावे, की चार शाईंच्या स्वस्त छपाईत आणि विक्रीच्या मांडणीवर लांबूनही उठून दिसण्याच्या गरजेत त्यांचे कारण शोधावे? दोन्ही खरे, असे म्हणून सुटता येते. मला मात्र ते उत्तर आळशी वाटते. त्या काळच्या छपाईतंत्राची माहिती असणाऱ्यांनी, रंगाची निवड निव्वळ तांत्रिक नव्हती हे दाखवणारी एक-दोन मुखपृष्ठे कारणांसह सुचवावीत. १९५४च्या कॉमिक्स कोडपूर्वीच्या (म्हणजे प्रकाशकांनी आशयावर स्वतःच घालून घेतलेल्या नियमावलीपूर्वीच्या) भयकथांची उदाहरणे असल्यास अधिक उपयोग होईल.