मदत हवी आहे: शिकवणाऱ्या डॉक्टरांनी थकव्याचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. मी कोकणातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवते. पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू, सर्पदंशाने वॉर्ड भरलेला. राऊंड संपवून तशीच लेक्चरला धावते. 2019 पासूनचा एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित, म्हणजे प्रत्यक्ष कौशल्यांवर भर देणारा अभ्यासक्रम मला मनापासून पटतो, पण छोट्या गटांत शिकवायला माणसं हवीत आणि आमच्याकडे पदं रिकामी. लॉगबुकं, अंतर्गत परीक्षा, बढतीसाठीचे शोधनिबंध, सगळं रात्री घरी येतं.

दमणूक सोसते हो, भीती वेगळीच आहे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने कोलमडण्याची, तीन अंगं सांगितली आहेत: भावनिक थकवा, माणसांबद्दल येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. त्यातलं दुसरं मला स्वतःत दिसतंय. विद्यार्थी शंका घेऊन दारात आला की चीड येते. पूर्वी त्याच शंकांसाठी मी थांबायचे.

जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था मानते. मलाही वाटतं, नुसत्या रजेने भागणार नाही.

अडचण अशी, की इथले मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे माझेच सहकारी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ठाऊक आहे, पण मला समोर बसून बोलायचंय. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ किंवा गोव्याकडे कुणी चांगले समुपदेशक माहीत आहेत का? आणि विभागप्रमुखांशी बोलून कुणाची कामाची वाटणी खरंच बदलली का? नेमकं काय मागितलंत, लेखी दिलंत का? इथे लिहायला संकोच वाटत असेल तर मेसेज करा.