पानगळीत ओळखीच्याच वळणावर घसरले, तुम्ही कशी चालवता सायकल?

उनाडसायकल
नमस्कार मंडळी. मी ऑफिसला सायकलनेच जाते पण रविवारी काही काम नसताना नुसतीच फिरायला निघते. लांब कुठे नाही, आपल्याच शहरात, आधी राहायचो ती गल्ली, मग शाळेच्या मागचा रस्ता, मैत्रिणीचं घर होतं तो उतार आणि परत, साधारण १४ किलोमीटर होतात. हा फेरा मला पाठ आहे असं वाटायचं.

काल त्याच उताराच्या तळाशी वळताना पुढचं चाक सर्रकन निसटलं. रात्री पाऊस पडून गेला होता, वळणावर पिवळ्या पानांचा खच होता आणि इतका सुंदर दिसत होता की मी मुद्दाम त्याच्यावरूनच सायकल घातली. कोपर सोलवटलं, हँडल वाकडं झालं, बाकी ठीक आहे. दोन मिनिटं फूटपाथच्या कडेवर बसले, टायरला एक पान असं चिकटलं होतं की नखाने सोलून काढावं लागलं. मान वर केली तर समोर झाडांच्या मागे निळ्या कठड्याची गच्ची दिसली, इतकी वर्षं इथून जाते पण ती गच्ची मी कधी पाहिलीच नव्हती, कारण उन्हाळाभर तिथे नुसता हिरवा पडदा असतो!

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे पानांवरून चालवायची कशी, की चालवूच नये? आणि दुसरं, या दिवसांत ओळखीचा रस्ता असा अनोळखी दिसतो हे तुम्हालाही होतं का?

चेनला_तेल
ताई, आधी कोपर नीट धुऊन घ्या, बारीक कचरा राहिला तर चिघळतं.

ओलं पान म्हणजे टायर आणि रस्ता यांच्या मधला बुळबुळीत थर, त्यात खालची पानं कुजून लगदा झालेली असतात, ती वरून दिसत नाहीत. नियम एकच, वळताना ब्रेक नाही आणि ब्रेक लावताना वळण नाही. खच दिसला की आधीच, सरळ असताना, वेग कमी करा आणि मग हँडल सरळ ठेवून, सायकल न कलवता, हलकं पॅडल मारत पार व्हा. पुढचा ब्रेक तिथे अजिबात दाबू नका, मागचं चाक घसरलं तर बऱ्याचदा सावरता येतं, पुढचं गेलं की माणूस खाली. गटाराची लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे ओले असले की तेच करतात.

अजून एक, टायरमधली हवा बघा. गारवा वाढला की हवेचा दाब आपोआप उतरतो, ६० पीएसआय भरलेली असेल आणि तापमान १५ अंशांनी खाली आलं तर ५६ च्या आसपास येते, पंक्चर वगैरे काही नसतं. ओल्या रस्त्यासाठी थोडी कमी हवा चांगलीच, पण ती आपण ठरवून कमी केलेली असावी. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ओल्यात चाकाचे पहिले एक-दोन फेरे पाणी पुसण्यातच जातात, मग पकडतात, म्हणून लवकर दाबायला सुरुवात करायची.

पानोपानी
चेनला_तेल यांच्याशी सहमत, फक्त एक जोडतो. कोरड्या पाचोळ्यावरूनही बिनधास्त जाऊ नका. आवाज मस्त येतो, मलाही आवडतो, पण खाली खड्डा आहे की दगड ते कळत नाही. ओकच्या झाडाखाली तर ती गोल फळं पडलेली असतात, चाकाखाली आली की गोटीसारखी सरकतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, मला दरवर्षी होतं आणि मी त्यासाठीच सायकल काढतो. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, झाड हिरवं द्रव्य मोडून त्यातलं कामाचं परत खोडात ओढून घेतं तेव्हा तो दिसायला लागतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत नव्याने तयार होतो, दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा (पण गोठवणारा नाही) असं जमलं की गडद येतो. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन वर्षं सारखी नसतात.

आता पुढच्या वेळी एक बघा, रस्त्यावरच्या दिव्याला खेटून असलेल्या फांद्या. बाकी झाड उघडं झालं तरी तेवढ्या फांद्यांवर पानं टिकून असतात, कारण रात्रभर उजेड मिळाल्यामुळे दिवस लहान झाल्याचं त्यांना उशिरा कळतं. मॅट्झके नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३६ साली यावर लिहिलंय. सायकलवरून हे दिसतं, गाडीतून नाही दिसत.

संध्याकाळचा_फेरा
मी वयाने मोठा आहे म्हणून सांगतो, पोरी, लाईट लाव. भर दिवसा सुद्धा, पुढे पांढरा आणि मागे लाल. या दिवसांत सूर्य खालून येतो आणि पूर्व-पश्चिम रस्त्यावर सकाळ-संध्याकाळी थेट डोळ्यात जातो. सूर्य तुझ्या पाठीशी असला तर तुला सगळं लख्ख दिसतं, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात ऊन असतं आणि त्याला तू दिसत नाहीस. हे मला फार उशिरा समजलं. आता मी त्या वेळी असे रस्ते सोडून आडव्या गल्ल्या धरतो.

माझी सहाला निघायची सवय आहे. विषुवदिनाच्या सुमारास ४५ अंश अक्षांशाकडे दिवस रोज साधारण ३ मिनिटांनी लहान होतो, म्हणजे महिन्याभरात दीड तास, त्यामुळे तोच फेरा महिन्याच्या सुरुवातीला उन्हात आणि शेवटी अंधारात. मी वेळ बदलत नाही, मुद्दाम. अंधार पडला आणि पानं गेली की घराघरातले दिवे रस्त्यावरून दिसतात. आम्ही ज्या घरात २२ वर्षं भाड्याने राहिलो त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी उन्हाळ्यात दिसत नाही, आता दिसते. तिथे थांबत नाही, बरं नाही दिसत कुणाच्या घरात बघणं, फक्त तेवढ्यापुरतं पॅडल मारायचं थांबवतो.

उनाडसायकल
सगळ्यांचे मनापासून आभार, कोपर बरं आहे. काका, लाईट लावला. हवा तपासली तर खरंच कमी होती, मी उन्हाळ्यानंतर भरलीच नव्हती.

आज तोच फेरा उलटा मारला, म्हणजे तो उतार आज चढ झाला, त्यामुळे वळणावर वेग नव्हताच आणि खच बाजूने टाळता आला. पानोपानी, तुमचा दिवा सापडला! शाळेच्या मागच्या रस्त्यावर तिसरा खांब, झाड सगळं रिकामं आणि खांबाजवळच्या एका फांदीवर पानांचा हिरवट-पिवळा झुपका. त्याच झाडाखाली आम्ही शाळा सुटल्यावर उभ्या असायचो आणि तेव्हा एकदाही वर पाहिलं नव्हतं. फोटो काढला पण हात हलला, पुढच्या रविवारी पानं असली तर परत काढते.