डावा मागचा टायर: दोरी मारू की बदलू?

ए-२०४: मंडळी, सकाळी खाली गेले तर गाडीचा डावा मागचा टायर पार बसलेला, स्क्रू घुसलाय. पंक्चरवाला म्हणतो, "ताई, टायर न उतरवता बाहेरूनच भोकात रबराची दोरी मारतो, १५० रुपये." टायरवाला फोटो बघूनच म्हणाला, मागचे दोन्ही बदला. शनिवारी समृद्धीने नागपूरला जायचंय. कुणाचं ऐकू?

सी-५०१: दोरी मारा नि निघा. माझ्या एका टायरला ४ पंक्चर आहेत, मस्त पळतोय 😄

बी-१०३: तो फोटो इथेही टाका.

ए-२०४: 📷

बी-१०३: स्क्रू मधोमध आहे, हे बरं. साइडवॉलला असता तर टायर थेट भंगारात. ती बाजू चालताना सारखी वाकते, तिथे पॅच टिकत नाही. मधलं ६ मिमीपर्यंतचं भोक दुरुस्त होतं, हा तर बारीक स्क्रू. बसलेल्या टायरवर गाडी चालवली का?

ए-२०४: नाही काका, जागेवरच आहे.

बी-१०३: छान. चालवली असती तर रिमखाली चेंगरून टायर आतून गेला असता, बाहेरून काही कळत नाही. उघडला की काळी भुकटी सांडते. म्हणून दोरी नको. टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीसारखा दांडावाला पॅच, मारून घ्या. मी मागच्या महिन्यात ४०० दिले.

सी-५०१: ४००?? काका, तुम्हाला गिऱ्हाईक बघून भाव सांगितला.

डी-४०२: टायर कधीचा आहे ते कुणी विचारलंच नाही. साइडवॉलवर डीओटी (DOT) या अक्षरांपुढे बघा, शेवटचे चार आकडे.

ए-२०४: टॉर्च घेऊन, गुडघे टेकून वाचलं. २४१८. वॉचमनदादा हसत होते.

बी-१०३: २०१८ चा २४वा आठवडा! आता खोबणीत बघा, छोटे उंचवटे असतात, १.६ मिमीचे. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला.

ए-२०४: जवळजवळ आलंच आहे. बाजूला बारीक चिराही दिसतायत.

बी-१०३: मग माझा सल्ला मागे घेतो. पंक्चर क्षुल्लक आहे हो, पण टायर म्हातारा झालाय. समृद्धीवर सिमेंटचा रस्ता, १२० ची मर्यादा, तासन्‌तास एकच वेग. टायर तापतो, आणि चिरा पडलेला टायर तिथेच फुटतो. मागचे दोन्ही बदला. टायरवाला या वेळी खरं बोलला, कधी कधी बोलतात.

डी-४०२: आणि स्टेपनीत हवा बघा. आमची ऐन घाटात बसकी निघाली होती.

ए-२०४: स्टेपनी पाच वर्षांत उघडलीच नाहीये 🙈 संध्याकाळी दोन्ही टायर टाकून घेते.

बी-१०३: पण हा स्क्रू आला कुठून? प्लायवूडचा दिसतोय.

डी-४०२: सी विंगच्या जिन्याखाली सुताराचा कचरा आठवडाभर पडून आहे. फर्निचर कुणाचं चाललंय?

सी-५०१: …आमचंच. आत्ता झाडून घेतो. ताई, सॉरी.