स्पेक्ट्रमचं ‘वाटप’: एक शब्द पुरेल का?

प्रश्न:
स्पेक्ट्रमवरच्या, म्हणजे रेडिओलहरींच्या वारंवारतांवरच्या, एका लेखाचा अनुवाद करताना अडले आहे. ॲलोकेशन, ॲलॉटमेंट आणि असाइनमेंट असे तीन शब्द एकाच परिच्छेदात आलेत. मराठी बातम्यांत सगळ्यालाच ‘वाटप’ म्हणतात. चालेल का?

प्रतिसाद:
नाही चालणार. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीत या तिन्हींच्या व्याख्या वेगळ्या आहेत. ॲलोकेशन सेवेला (प्रसारण, हौशी रेडिओ वगैरे), ॲलॉटमेंट देशाला किंवा प्रदेशाला, असाइनमेंट एका रेडिओ केंद्राला. गावच्या जमिनीसारखं बघा: हे गायरान, हे गावठाण असं ठरणं पहिलं, भावाभावांत हिस्से पडणं दुसरं, सातबाऱ्यावर नाव चढणं तिसरं.

त्यात संघाने जगाचे तीन विभाग केलेत. पहिल्यात मुख्यतः युरोप आणि आफ्रिका, दुसऱ्यात अमेरिका खंड, तिसऱ्यात आपण. ७२०० ते ७३०० किलोहर्ट्झ हा पट्टा दुसऱ्या विभागात हौशी रेडिओवाल्यांना, बाकी दोन्हीकडे प्रसारणाला. इथे ‘वाटप’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल की कुणाला तरी परवाना मिळाला. ‘प्रसारणासाठी राखीव’ लिहा.

प्रतिसाद:
विभागांचा फरक मी हाताने अनुभवलाय. मामांनी अमेरिकेहून डिजिटल रेडिओ आणला होता. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, आणि रेडिओचा आकडा ७९० वरून थेट ८००! ७९० वर बातम्या लागायच्या, पण आवाज फाटका. तिकडे मध्यम लहरींवर दोन केंद्रांत १० किलोहर्ट्झचं अंतर, आपल्याकडे ९ चं. ७९२, मुंबईचे १०४४ आणि ५५८, सगळ्यांना नवाने भाग जातो. शेवटी रेडिओच्या मागे ९/१० असं बारीक बटण सापडलं. ते सरकवलं आणि पुणे स्वच्छ लागलं.

केंद्राच्या बाबतीत मी ‘नेमून दिलेली वारंवारता’ म्हणेन.

प्रतिसाद:
‘नेमून देणे’ उत्तम. सातबारा मात्र नको, त्यात मालकी आली. स्पेक्ट्रम लिलावात घेतला तरी ठरावीक मुदतीपुरता वापराचा हक्कच मिळतो, भाडेपट्टा म्हणा. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या इंग्रजी मजकुरातही असाइनमेंटच आहे. आणि कृपा करून ‘ध्वनिलहरींचा लिलाव’ लिहू नका. रेडिओलहरी प्रकाशाच्या जातीच्या. आवाज त्यांच्यावर स्वार होऊन येतो एवढंच.

प्रश्नकर्ती:
मग सेवेसाठी ‘राखीव’, देशाचा ‘हिस्सा’, केंद्राला ‘नेमून’. परिच्छेद पुन्हा लिहायला घेते.