फुल्विया कूपे: बंद पडलेली घेऊन उभी करावी, की चालती घ्यावी?

तुरीनकर

तुरीनमध्ये माझ्या घरापासून पाऊण तासावर, इव्रेआजवळच्या एका गावात, घराखालच्या गॅरेजात 1972 ची लान्चा फुल्विया कूपे उभी आहे. 1.3 एस, दुसरी मालिका, पाच गिअरची. गडद निळा रंग आणि मूळची काळी नंबरप्लेट. मालक वारले, त्यांची मुलगी विकते आहे. 1994 पासून गाडी जागची हललेली नाही. किंमत सांगते 5,500 युरो. गेल्या दोन महिन्यांत मी चार चालत्या, नव्याने रंगवलेल्या फुल्वियाही पाहिल्या. त्या 14 ते 17 हजारांच्या घरात होत्या.

माझं मत आधीच मांडतो: बंद पडलेलीच घ्यावी.

त्या चार गाड्यांना मी मऊ फडक्यात गुंडाळलेला चुंबक लावून पाहिला. तीन गाड्यांच्या मागच्या चाकांच्या कमानीवर तो टिकेना, घसरून खाली यायचा. म्हणजे रंगाखाली पत्रा नाहीच, पुटी भरलेली आहे. एका गाडीला तर सिलवर, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत चुंबक कुठेच धरला नाही. इतके पैसे मोजून दुसऱ्याने झाकलेला गंज घ्यायचा, त्यापेक्षा 5,500 देऊन उघडा गंज घ्यावा. निदान तो डोळ्यांना दिसतो.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. फुल्विया कूपे 1965 साली आली, रेखाटली पिएरो कास्तान्येरो यांनी. फियाटने लान्चा ताब्यात घेतली 1969 मध्ये, त्यामुळे ही मूळ रचना त्याआधीची, निव्वळ लान्चाच्या इंजिनिअरांच्या डोक्यातली. इंजिन व्ही-4, म्हणजे चार सिलिंडर दोन तिरक्या रांगांत, पण दोन रांगांमधला कोन जेमतेम 13 अंशांचा. इतक्या जवळ की दोन्ही रांगांवर मिळून एकच हेड बसतं. दोन कॅमशाफ्टपैकी एक सगळे इनलेट व्हॉल्व्ह चालवतो, दुसरा सगळे एक्झॉस्ट. हे अख्खं इंजिन 45 अंश कलतं करून पुढच्या चाकांच्याही पुढे बसवलंय. लान्चाने अरुंद व्ही-4 ची ही वाट 1922 च्या लाम्ब्डापासून धरली होती, तिचा शेवट फुल्वियावर झाला. 1972 ची मॉन्टे कार्लो रॅली सान्द्रो मुनारी आणि मारिओ मान्नुच्ची यांनी जिंकली ती फुल्वियातच, 14 नंबरच्या. ती 1.6 एचएफ होती. माझ्या नजरेतली साधी 1.3 आहे, जेमतेम 90 अश्वशक्तीची. मला तेवढी पुरे.

आमच्या घरी साताऱ्यात प्रीमियर पद्मिनी होती. वडील डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून पॉलिश पेपरने पॉइंट घासायचे आणि टॉर्च माझ्या हातात असायचा. गाडी समजून घ्यायची तर ती उघडावी लागते, हे मी तिथे शिकलो. फुल्वियालाही पॉइंटच आहेत. विरोधी मतं हवी आहेत, मोकळेपणाने लिहा.

इझारकाठ

मी पूर्ण विरोधात आहे. स्वतः भोगलंय म्हणून सविस्तर लिहितो.

2013 साली म्युनिकमध्ये मी सत्तरच्या दशकातली एक इटालियन कूपे 4,000 युरोला घेतली. तिचीही अशीच गोष्ट: एकच मालक, बंद गॅरेज, खरे किलोमीटर. तीन महिन्यांत गाडी पूर्ण सुटी केली. प्रत्येक बोल्ट पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. मग बॉडी एका पत्राकामवाल्याकडे दिली. त्याने आठ महिने सांगितले होते, चौदाव्या महिन्यात तो म्हणाला की अंदाज दुप्पट धरा. चूक त्याचीही म्हणता येत नाही. सँडब्लास्टिंगनंतर, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग आणि गंज उडवल्यावर, जे दिसतं ते आधी कोणालाच दिसत नाही. 2018 मध्ये मी एक रंगवलेला सांगाडा आणि अकरा खोकी विकली. गाडी एक मीटरसुद्धा चालवली नाही. माझी मुलगी 2014 ची. तिच्या पहिल्या चार वर्षांतले बहुतेक शनिवार मी भाड्याच्या गॅरेजमध्ये काढले, आणि ते आता कोणी परत देणार नाही.

पद्मिनीचे पॉइंट घासायला मलाही येत होते. इंजिनाचं काम आपण शिकू शकतो, पुस्तकं आहेत, जाणकार आहेत. गाडी अडते ती पत्र्यापाशी. या गाड्यांना वेगळी चासी नसते, सिल म्हणजेच कणा. आधार न देता सिल कापलं की बॉडी किंचित खचते आणि मग दार कधीच नीट लागत नाही. हे काम यूट्यूब बघून करण्याचं नाही.

आता हिशेब. तुमच्या त्या 5,500 च्या गाडीवर पत्रा, रंग, क्रोम, रबर, आतली शिलाई, ब्रेक आणि इंजिन धरून माझ्या अंदाजाने 25 हजारांच्या खाली सुटका नाही. तयार झाल्यावर बाजारात येणार 17. म्हणजे जो माणूस तयार फुल्विया 16 ला विकतो, त्याने वरचा तोटा आधीच सोसलेला असतो. तो तोटा त्याच्याकडे राहू द्या.

आणि तुमच्याच लिखाणातला मुद्दा: चारपैकी तीन गाड्यांवर चुंबक टिकला नाही. मग चौथीवर टिकला ना? तिच्याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही तुम्ही.

घाटवाट

इझारकाठ यांच्याशी सहमत. शिवाय लान्चा म्हणजे गंज हे जगजाहीर आहे, ब्रिटनमध्ये कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या होत्या.

जुनी_चावी

घाटवाट, ती लान्चाची बीटा. 1980 सालचं ब्रिटनमधलं प्रकरण, तिथल्या सुरुवातीच्या बीटा सेडानच्या सबफ्रेमजवळचा (इंजिन ज्यावर बसतं त्या चौकटीजवळचा) गंज. बीटा फियाटच्या काळातली आणि यांत्रिकदृष्ट्या पूर्ण वेगळी गाडी आहे. फुल्वियाही गंजते, पण एकीचं पाप दुसरीच्या माथी नको.

मला मात्र धागाकर्त्यांच्या "उभी करणे" या शब्दालाच हरकत आहे. बाजू घेणारे आणि विरोध करणारे, दोघांनीही गाडी सुटी करून नव्याने रंगवायची हे गृहीतच धरलंय. का? ऐतिहासिक वाहनांचा जागतिक महासंघ फिवा, त्यांची जी सनद आहे ती तुमच्याच शहराच्या नावाने ओळखली जाते, तुरीन चार्टर. तिचा भर आहे जतनावर. आहे ते टिकवा, गरजेपुरतंच बदला आणि जे बदललं त्याची नोंद ठेवा.

1972 चा निळा रंग अजून अंगावर असेल, तर तो या गाडीवरचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यातली जुनी भित्तिचित्रं फिकी पडली म्हणून आपण त्यावर ऑइलपेंट मारत नाही. मग गाडीच्या बाबतीत इतकी घाई कशाला? ब्रेक पूर्ण नवे करा, त्यात तडजोड नको. पेट्रोलची टाकी उतरवून धुवा, सगळे रबरी पाइप बदला. गंज जिथे गाडीच्या ताकदीला धक्का देतो तिथेच कापा आणि जोडा. बाकी अंगावरचे ओरखडे राहू द्या, ते त्या माणसाच्या हातचे आहेत. इझारकाठ यांच्या 25 हजारांतले निम्मे तरी रंग, क्रोम आणि शिलाईचे आहेत. ते मुळात खर्चच करू नयेत असं माझं ठाम मत आहे.

आणि एक कागदाची गोष्ट. इतकी वर्षं उभी असलेली गाडी इटलीत पीआरएच्या, म्हणजे वाहनांच्या सरकारी नोंदवहीच्या, नोंदीतून रद्द झालेली असू शकते. सलग तीन वर्षं कर थकला की तसं होऊ शकतं. पैसे देण्याआधी विझुरा, म्हणजे त्या नोंदीचा उतारा, काढून बघा.

नाना_पेठ

आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं, वडिलांनी चाळीस वर्षं चालवलं. फुल्विया कधी हाताखालून गेली नाही, पण प्रीमियर 118 एनई बऱ्याच गेल्या. ती बॉडी फियाट 124 चीच, इंजिन निसानचं. त्या पत्र्याचा स्वभाव मला माहीत आहे: गंज बाहेर फोड होऊन दिसतो तेव्हा आतून काम आटोपलेलं असतं.

जुनी_चावी यांचं जतन वाचायला छान वाटतं, पण गंज जतन करता येत नाही. सिलच्या पोकळीत ओल गेलेली असेल तर वरचा रंग कितीही मूळचा असो, आत कापावंच लागतं. कापलं की वेल्डिंगची उष्णता आजूबाजूचा रंग जाळते. मग पॅच मारायचा की पूर्ण पॅनल? अर्धवट काम करणाऱ्याला हा प्रश्न सुटत नाही आणि शेवटी पूर्ण गाडी रंगते. हे मी डझनभर वेळा पाहिलंय.

तरीही माझं मत धागाकर्त्यांच्या बाजूने, एका अटीवर: गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय एक युरो देऊ नका. फुल्वियात इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन एका सबफ्रेमवर असतं आणि ती सबफ्रेम बॉडीला बोल्टने लागते. तिचं मागचं टोक जिथे लागतं ती जागा बघा. तिथला पत्रा गेला असेल तर गाडी सोडा. कमानी, दारं, पुढचं मडगार्ड हे सगळं बाहेरचं, ते होतं. खालच्या काळ्या डांबरी थरावर भरवसा ठेवू नका, त्याच्याआड काय आहे ते जुन्या स्क्रूड्रायव्हरने दाबून बघायचं. टोचायचं नाही, दाबायचं. चांगला पत्रा "टण्" वाजतो. गेलेला पत्रा ओल्या पुठ्ठ्यासारखा लागतो, आवाजच येत नाही.

तुरीनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी परत जाऊन आलो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

आधी इझारकाठ. तुमचा चौथ्या गाडीचा मुद्दा बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. चौथी चांगली होती. 17 हजारांची तीच. तिच्यावर करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच माझं मन तिच्यावर बसलं नाही. मला गाडी चालवायची आहे तितकीच ती समजून घ्यायची आहे. तुमच्या हिशेबात या दुसऱ्या गोष्टीला किंमत नाही, माझ्या हिशेबात आहे. पैशाचं गणित मात्र तुमचंच खरं, त्यावर वाद नाही.

विझुरा काढला. नोंद चालू आहे, गाडी अजून वारलेल्या मालकांच्याच नावावर. वारसाची नोंद आधी करून मग विक्री, हे मुलीने मान्य केलं.

गावातल्या मेस्त्रीने त्याच्या रॅम्पवर गाडी घेऊ दिली. चारपैकी दोन चाकं जाम होती, ट्रॉलीवर ओढून नेली. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, तासभर थांबलो आणि क्रँक पान्याने फिरवला. पहिल्यांदा हललाच नाही. मग अर्धी बोटभर सरकला आणि नंतर पूर्ण फेरा फिरला. इंजिन जाम नाही.

सबफ्रेमचं मागचं टोक, डावी बाजू: स्क्रूड्रायव्हर दाबला, टण्. तीन ठिकाणी दाबला, तिन्ही ठिकाणी तोच आवाज. उजवी बाजू: दोन ठिकाणी टण्, तिसऱ्या ठिकाणी, बोल्टपासून साधारण चार बोटांवर, आवाज आला नाही. डांबर खरवडलं तर खाली दुसराच पत्रा निघाला, कोणीतरी पूर्वी वरून चिकटवलेला. त्या जोडामागे ओल अडकून मूळ पत्रा रुपयाएवढा गेलाय. बोल्टची जागा स्वतः शाबूत आहे. डाव्या सिलचा मागचा एक वीतभर भाग मऊ आहे, उजवं सिल पक्कं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते बहुधा मागच्या चाकाने उडून तिथे साठत गेलं.

जुनी_चावी, हातमोजाच्या कप्प्यात पेट्रोल भरल्याची वही सापडली. तारीख, किलोमीटर, लिटर. एकाच हाताचं बारीक अक्षर, शेवटची नोंद सप्टेंबर 1994. मुलीने ती बराच वेळ चाळली आणि म्हणाली, वही गाडीबरोबरच राहू दे. बाहेरचा रंग मी घालवणार नाही, निदान छपराचा आणि बॉनेटचा तरी नाही. त्या बाबतीत तुम्ही माझं मत बदललंत.

सबफ्रेमजवळचं आणि सिलचं काम मी करणार नाही. ते पत्राकामवाल्याकडे, लेखी अंदाज घेऊन, आणि गाडी सुटी न करता. बाकी ब्रेक, टाकी, दोन्ही सोलेक्स कार्बोरेटर, वायरिंग माझ्याकडे. ऑक्टोबरात बोलोन्याला ऑटो ए मोतो देपोका हे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, ब्रेकचे भाग तिथे शोधीन. 4,600 ला सौदा ठरला.

इझारकाठ

माझं मत तेच आहे, 17 वाली घ्यायला हवी होती. पण तुम्ही गाडी सुटी करत नाही आहात, हा माझ्यात आणि तुमच्यात मोठा फरक.

एक काम पत्राकामवाल्याकडे नेण्याआधी कराच. दोन्ही दारं बंद करून फट मोजा: वर, मध्ये, खाली, पुढून आणि मागून. मिलिमीटरमध्ये लिहा, फोटो काढा आणि एक प्रत त्याला द्या. डावं सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड करून घ्यायला सांगा आणि ती लागेपर्यंत तिथेच उभे राहा. माझ्या गाडीला ती लावली नव्हती.