भिंतीतल्या (कन्सील्ड) पाइपात ड्रिल घुसलं आणि बुधवारी सासरे घरी येतायत, काय करू?

भांडुपची_सून
मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. सासऱ्यांचं (वय ७६) गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बुधवारी डिस्चार्ज आहे. फिजिओ ताईंनी बजावून सांगितलंय की पेशंट घरी नेण्याआधी बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा आणि कमोड उंच करून घ्या. शनिवारी म्हटलं उद्या रविवार, ड्रिल मशिन घरात आहेच (दिवाळीत हौसेने घेतलेलं, आजवर दोन फोटो टांगलेत त्याने), तासाभराचं काम.

तर कालचा रविवार ऐका. लेकीला सोमवारी शाळेत ज्वालामुखीचं मॉडेल द्यायचं होतं हे तिला रविवारी सकाळी आठ वाजता आठवलं, नणंद बदलापूरहून निघाली ती मेगाब्लॉकमध्ये अडकलेली आणि दर दहा मिनिटांनी फोन करून मटण टाकलं का विचारत होती, नवरा त्याच मटणाच्या रांगेत, आणि सासूबाईंनी बाथरूममधल्या बादल्या, पिंप, पाट सगळं हॉलमध्ये आणून मांडलेलं, त्यातून वाट काढत मी मशिन घेऊन आत. नळाच्या बरोब्बर वर दीड फुटावर खुणा केल्या. पहिलं भोक मस्त पडलं. दुसऱ्यातून आधी लाल भुकटी आली, मग ओली भुकटी, आणि मग थेट तोंडावर कारंजं. मी अंगठ्याने भोक दाबून उभी, सासूबाई देवाचा धावा करतायत, आणि लेक दारात येऊन म्हणते, आई, माझ्यापेक्षा तुझा ज्वालामुखी भारी.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला तर बाथरूमची लाइन वरून खाली सगळ्यांना एकच, म्हणजे आमच्या बाजूच्या सगळ्या मजल्यांचं पाणी गेलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका डोक्याला शाम्पू लावलेले तसेच जिन्यात आले. वर सेक्रेटरींनी ऐकवलं की रविवारी ड्रिल चालवायचं नाही हा नियम आहे. आहे, मान्य. शेवटी वॉचमनने लाकडाची खुंटी तासून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून भोकात ठोकली, तेव्हा कुठे लोकांना पाणी मिळालं. अजून थेंब थेंब गळतंच आहे. नेहमीचा प्लंबर गावाला गेलाय, दुसरा म्हणतो पूर्ण भिंतीच्या टाइल्स काढाव्या लागतील, २२ हजार. खरंच लागतात का? आणि दांडा नक्की लावायचा कुठे? तो सक्शनवाला ऑनलाइन मिळतो तो घेतला तर भोकाची भानगडच नको ना?

जुना_प्लंबर_मुलुंड
ताई, पहिली गोष्ट म्हणजे पाणी उडालं की आधी मशिनची पिन काढायची, मग बोट लावायचं. ओल्या हाताने चालू मशिन धरणं म्हणजे जिवाशी खेळ.

पूर्ण भिंत कशाला? भोकाच्या आजूबाजूच्या दोन-तीन टाइल्स फोडल्या की काम होतं. बिट (ड्रिलचं टोक) इतक्या गुपचूप आत गेलं म्हणजे बहुतेक सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, क्रीम रंगाचा पाइप असणार, जीआय (लोखंडी) असता तर आधी किंचाळला असता. सीपीव्हीसी असेल तर भोकाचा तुकडा कापून काढायचा, नवीन तुकडा दोन कपलर (जोड) घालून सॉल्व्हंटने चिकटवायचा. प्लंबर म्हणेल अर्ध्या तासात पाणी सोडा, ऐकू नका, रात्रभर तरी ठेवा आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. पाणी सोडल्यावर लगेच सिमेंट मारू देऊ नका. जॉइंटला कोरडा टिश्यू गुंडाळून दिवसभर बघा, ओला झाला नाही तरच बंद करा. एम-सील फासून देतो म्हणणारा आला तर चहा पाजून वाटेला लावा, सहा महिन्यांनी खालच्या घराच्या छताला पोपडे धरतील आणि आतल्या पाइपाची गळती असल्यामुळे तो खर्च सोसायटी नाही, तुम्हीच भराल.

भिंत बंद करायच्या आधी मेजरटेप लावून फोटो काढा, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती. पाइप साधारणपणे नळापासून सरळ वर नाहीतर सरळ आडवा जातो. म्हणजे नळ, शॉवर, गिझर यांच्या उभ्या-आडव्या रेषेत ड्रिल कधीच लावायचं नाही. तुम्ही नेमकं तिथेच लावलंत.

खादाड_गिरगावकर
सगळं ठीक, पण मटणाचं काय झालं ते कोणीच विचारत नाहीये 😀

दोन_म्हातारे_एक_मी
आईच्या वेळी आम्ही यातून गेलोय. सक्शनचा दांडा अजिबात नको! रिकामा असताना छान चिकटतो, माणसाने जीव खाऊन धरला की हातात येतो. आमचा आला होता, नशीब मी मागे उभी होते.

जागा टेपने मोजून ठरवू नका. बाबा आले की त्यांना कमोडवर बसवा, उठताना हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. कोणत्या हाताला ते फिजिओला विचारा. तोवर दोन-तीन दिवस वॉकर आणि सोबत एक माणूस, पण हे चालेल का तेही फिजिओला विचारून घ्या. भिंत कसली आहे ते पण बघा. विटांची असेल तर स्टीलचे फास्टनर (भिंतीत फुलून बसणारे बोल्ट) धरतात, पण आत पोकळ किंवा हलके ब्लॉक असतील तर उपटून येतात, मग आरपार बोल्ट घ्यावा लागतो. टाइलवर आधी मास्किंग टेप लावा, मशिनचा हॅमर (ठोके देणारा) मोड बंद ठेवून टाइलचं बिट वापरा, टाइल पार झाली की मगच हॅमर.

कमोडसाठी फोडाफोडी करू नका, वर बसवायचा प्लास्टिकचा रेझर (उंची वाढवणारी सीट) मिळतो, चार इंची वगैरे, सर्जिकलच्या दुकानात विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतली कडी काढून टाका, बाहेरून उघडता येईल असं लॉक लावा. आमची आई आत अडकली तेव्हा दार तोडावं लागलं होतं.

भांडुपची_सून
अपडेट. सीपीव्हीसीच निघाला. सोमवारी संध्याकाळी नवऱ्याच्या ऑफिसमधल्याच्या ओळखीने एक मुलगा आला, तीन टाइल्स फोडल्या, तुकडा टाकला, सामान धरून ३४०० घेतले. रात्रभर व्हॉल्व्ह बंद ठेवला, आज सकाळपासून टिश्यू कोरडा आहे, मी दर अर्ध्या तासाने जाऊन बघतेय. फोटो टेपसकट काढलेत. माळ्यावर जुन्या टाइल्स दोनच सापडल्या, तिसरी पांढरी लागणार, ती बादलीच्या मागे जाईल. कडी नवऱ्याने काढली, रेझर आणला. दांडा बाबा आल्यावर, आणि रविवारी नाही.

@खादाड_गिरगावकर मटण साडेतीनला जेवलो, हॉलमध्ये, बादल्यांच्या मधे बसून. एक डबा तिसऱ्या मजल्यावर पाठवला. काका अजून बोलत नाहीत पण डबा धुऊन परत आलाय.