मदत हवी आहे: ‘लेट द राइट वन इन’ची ब्लू-रे घ्यायची आहे, पण कोणती?

नमस्कार मंडळी,

टोमास आल्फ्रेडसनचा २००८ चा हा स्वीडिश चित्रपट माझ्या फार जवळचा आहे. स्टॉकहोमजवळच्या ब्लॅकेबेर्गमधला बर्फ, एकटा पडलेला ऑस्कर आणि शेजारी राहायला आलेली एली. भिंतीवर टकटक करून ती दोघं मोर्स कोडमध्ये बोलतात, तेव्हा अंगावर काटाही येतो आणि गलबलूनही येतं.

अडचण सबटायटल्सची आहे. २००९ साली अमेरिकेत डिस्क आली तेव्हा थिएटरमधली इंग्रजी सबटायटल्स काढून दुसरीच घातली होती. कितीतरी वाक्यं छाटलेली, सपाट केलेली. प्रेक्षकांनी ओरड केल्यावर पुढच्या छपाईत मूळ सबटायटल्स परत आली आणि मागच्या कव्हरवर तसा ‘थिएट्रिकल’ असा उल्लेखही आला. या सिनेमात माणसं मुळातच कमी बोलतात. त्यातला एक शब्द गेला तरी एली वेगळीच वाटू लागते, म्हणून मला जुनी छपाई अजिबात नको.

जुन्या डिस्क विकणारे मागच्या कव्हरचा फोटो देत नाहीत. डिस्कवरच्या एखाद्या खुणेवरून छपाई ओळखता येते का? शिवाय ब्लू-रे डिस्कवर ठरावीक देशांच्या गटातल्या (रीजनमधल्या) प्लेअरवरच चालण्याचं बंधन असू शकतं; अमेरिका रीजन ए आणि आपण रीजन सी, तर ही डिस्क आपल्याकडच्या प्लेअरवर कुणी लावून पाहिली आहे का? रात्रीच्या दृश्यांत काळा रंग नीट दिसतो की करडा पडतो, तेही सांगा. युरोपातली आवृत्ती कुणाकडे असेल तर तिची सबटायटल्स कशी आहेत?